जेवण नव्हे, खाणं

आमच्या घरी पास्ता हे दमलेल्या माणसाचं काम आहे. ऐरोलीचं ऑफिस सुटून नेरुळला घरी पोचेपर्यंत माझ्यात जे काही त्राण उरतं, तेवढ्यात जमणारी ती एकच गोष्ट. मी तो कुठल्या व्हिडिओत दाखवतात तसा वगैरे करत नाही. लहान कुकर घ्यायचा, तेलात ठेचलेली लसूण, कांदा आणि टोमॅटो परतायचे, तिखट-मीठ टाकायचं, वर नळ्यांचा पास्ता, तो जेमतेम बुडेल एवढं पाणी, आणि एक शिट्टी. गॅस बंद केल्यावर चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची, चीजचा क्यूब किसायचा. पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या मी कधी टाकत नाही, चहाच्या जुन्या डब्यात साठवते. त्यातली एक फोडायची. झालं. घासायला एक कुकर आणि एक वाडगा. यात चव-बिव मी शोधत नाही, सुटका शोधते.

आई होती तोवर हे फक्त रविवारपुरतं होतं. मी लग्न केलं नाही. अण्णा कराडच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि दोघं माझ्याकडे राहायला आले, त्या दिवशी आईने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं ते घेतलंच. मला डाळीचा डबा कुठे असतो हेही विचारावं लागायचं. रविवारी तिची कंबर धरलेली असली तर मी आमच्या दोघींपुरता पास्ता करायची. अण्णा त्याला हात लावत नसत. "ते रबर तुमचं तुम्ही चावा," म्हणायचे आणि दही-पोहे कालवून घ्यायचे.

बाकी सहा दिवस आईचं जेवण, आणि त्या जेवणाला अण्णांनी ठेवलेली नावं. हे दोन्ही आमच्याकडे रोजचं होतं. आमटीत चिंच कमी आहे. भाकरी जाड झालीय. वांग्याला कूट घालताना हात आखडला का तुझा? आई कधी चिडायची नाही. "उद्यापासून खानावळ बघा," म्हणायची. "बघतोच," अण्णा म्हणायचे, आणि वाटी पुढे करायचे. मला या सगळ्याचा वैताग यायचा. ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून यायचं आणि ताटावरही तक्रारीच. मी एकदा आईला म्हटलं, तू ऐकून कशी घेतेस गं? ती म्हणाली, "न बोलता जेवलेला माणूस मला नाही बाई आवडत."

आई गेली. फार दिवस अंथरुणावर नव्हती, पण गेली.

दहाव्याला आम्ही सारसोळ्याच्या खाडीकाठी गेलो. आता आमच्याकडे कावळ्यांची काय कमी? सोसायटीतले कावळे इतके माजलेत की खिडकीत वाळत घातलेल्या कुरडया उचलून नेतात. त्या दिवशी खाडीवरचे कावळे मात्र सगळे कुंपणाच्या भिंतीवर बसून आमच्याकडे बघत होते आणि पिंडाला एकही शिवेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, मग जवळच्यांनी एकेक करून शब्द द्यायचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. उभं राहून अनुभवलं पहिल्यांदाच. पुण्याहून आलेल्या धाकट्या भावाने शब्द दिला, ताईला एकटं पडू देणार नाही. कावळा ढिम्म. मावशीने हात जोडून तिची राहिलेली चतुर्थीची व्रतं पुरी करायचं कबूल केलं. तरी ढिम्म. ऊन वर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायची तयारी करू लागले. अण्णा सगळ्यांच्या मागे, हात जोडून, डोळे मिटून नुसते उभे.

मावशीने मला कोपर मारलं. "तू बोल. तिचा जीव चुलीत अडकलाय."

मला असल्या गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मी कधी ठरवलेलं नाही. पण तेव्हा मी मोठ्याने बोलले, "आई, अण्णांच्या जेवणाचं मी बघते. तू काळजी करू नकोस." आणि भिंतीवरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला. सगळ्या बायकांनी डोळ्याला पदर लावले. मावशी म्हणाली, "बघ, हेच हवं होतं तिला."

तर असं त्या कावळ्याने मला अडकवलं. आईच्या मागे अण्णांची जबाबदारी घ्यायला मी तशीही तयार होते, नव्हते असं नाही. पण जेवणाचं? मला धड आमटी येत नव्हती.

शिकले मग. पहाटे उठून कणीक मळायची, भाजी-आमटी करून अण्णांचं ताट झाकून ठेवायचं, माझा डबा भरायचा, ऐरोली गाठायची, संध्याकाळी येऊन पुन्हा गॅसपाशी. आईच्या हातची चव कुठल्या मापात बसते ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी मावशीला फोन करून विचारायची, तर ती म्हणायची, "अंदाजाने घाल." अंदाज असता तर फोन कशाला केला असता? तरी मी घालत होते. मेथी, पिठलं, भरली वांगी, अख्खा मसूर. ताट वाढून समोर बसायची आणि अण्णांच्या तोंडाकडे बघायची.

अण्णा दोन घास खायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "छान झालंय हं." मग ताट सरकवायचे. "पोट भरलंय माझं."

रोज तेच. पिठलं करपलं तरी छान झालंय. एकदा मी आमटीत मीठच विसरले होते, मला स्वतःला घशाखाली जाईना. अण्णा म्हणाले, "छान झालीय." आणि चार शितं चिवडून उठले. पाहुणा आपल्या घरी जेवायला बसलाय आणि त्याला काहीच आवडत नाहीये, पण बिचारा चांगल्या घरचा आहे, असं मला रोज वाटायचं. भावाचा संध्याकाळी फोन यायचा. "काय म्हणतायत अण्णा?" मी सांगायची, "छान झालंय म्हणतायत." तो विचारायचा, "जेवले?" मी सांगायची, "नाही."

त्यांच्या पँटी ढिल्या झाल्या. पट्ट्याला भोकं पाडून झाली. मग ते लेंगाच घालू लागले, नाडी कितीही आवळता येते म्हणून. वाशीच्या डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, कागद बघितले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, आजार काही सापडत नाही, पण हे असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. अण्णांचे कान शाबूत आहेत. त्यांनी ते ऐकलं. परत येताना रिक्षात ते बाहेर बघत बसले आणि मी त्यांच्या मनगटाकडे. घड्याळ कोपराकडे घसरत होतं. मला आईचा राग आला, कावळ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'छान'चा. वाटलं, हे गृहस्थ 'छान छान' म्हणत माझ्या डोळ्यांदेखत मरणार आहेत, आणि मी सगळ्यांसमोर शब्द देऊन बसलेय.

त्याच आठवड्यात ती संध्याकाळ आली. ऑफिसात महिनाअखेर होती. घरी आले तेव्हा माझे पाय चपलेत मावत नव्हते. अण्णांसाठी सकाळचं वरण गरम केलं, भात लावला, तूप वाढलं. मला स्वतःला मात्र ते वरण बघवेना. मी लहान कुकर काढला आणि पास्ता केला. खूप महिन्यांनी.

अण्णांनी भाताचे दोन घास घेतले. "छान झालंय." ताट सरकलं. मी माझा वाडगा घेऊन खुर्चीत पाय वर करून बसले आणि खाऊ लागले.

अण्णा माझ्या वाडग्यात डोकावले. "डॉक्टर म्हणाले त्या नळ्या ह्याच का?"

मला हसू आलं नाही. "पास्ता आहे. तुम्ही खात नाही."

त्यांनी बोटांनी एक नळी उचलली, दिव्याकडे धरून आरपार बघितली आणि तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. "कणी राहिलीय गं ह्यात."

"राहू दे. पाकिटावर लिहिलंय, थोडी कणी राहायला हवी म्हणून."

"पाकीट कोण खातंय?" त्यांनी आणखी एक उचलली. "आणि फोडणी कुठाय? नुसतं टोमॅटोचं पाणी पाजलंयस ह्याला."

"अण्णा, मी दमलेय. नको असेल तर नका खाऊ."

"नको कोण म्हणालं? वाटी दे."

मी उठून वाटी दिली, अर्धा पास्ता त्यात ओतला आणि तशीच आत जाऊन आडवी झाले. नंतर भांडी घासायला घेतली तर वाटी रिकामी होती. नुसती रिकामी नाही, बोटाने निपटलेली. नळाखाली धरली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई गेल्यापासून अण्णांनी पहिल्यांदा कशाला तरी नाव ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पास्ताच केला. एक शिट्टी जास्त घेतली, मोहरी-हिंगाची फोडणी दिली, कढीपत्ता टाकला. अण्णा म्हणाले, आता गिचका झाला, कालचाच बरा होता. आणि सगळा खाल्ला. मग मी धरलंच ते. पालकाचा केला, म्हणाले, शेवाळ दिसतंय. मैद्याऐवजी कणीक भाजून दुधातला पांढरा केला; म्हणाले, हे आजाऱ्याचं. उरलेली फ्लॉवर-मटारची भाजी घातली. म्हणाले, शिळं खपवतेस होय. "कूट घाल की थोडं," म्हणाले, म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि हिरवा ठेचा घालून केला, आणि त्याबद्दल मात्र सुरुवातीला काही बोलले नाहीत. मी घाबरून वाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "कूट जाडं राहिलंय."

ऑफिसात माझ्या डब्यातही पास्ता, घरीही पास्ता. मला त्या वासाने मळमळायला लागलं होतं. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, काटा जरासा का होईना वर सरकला होता. काय खातात, विचारलं. मी पास्ता म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारायची सोय नाही. म्हणाले, पास्त्यावर माणूस नाही जगत या वयात, डाळ जाऊ दे पोटात, भाजी जाऊ दे. मी घरी येऊन साग्रसंगीत ताट वाढलं. आमटी, भात, पोळी, मटकीची उसळ. अण्णांनी दोन घास खाल्ले.

"छान झालंय हं."

मी ताट उचललं आणि आत नेऊन ओट्यावर आपटलं. उसळ सांडली. पुसताना मला रडायला आलं, रागाने म्हणा, थकून म्हणा.

रविवारी दुपारी आम्ही दोघं डायनिंग टेबलाशी लसूण सोलत बसलो होतो. कुटाच्या पास्त्यासाठीच. मी ठरवून विचारलं नाही, निघून गेलं तोंडातून. "अण्णा, माझ्या आमटीला तुम्ही कधी नाव ठेवत नाही आणि खातही नाही. या नळ्यांना रोज नावं ठेवता आणि वाटी चाटून पुसून ठेवता. हे काय चाललंय काय? मला नीट सांगा. मला आता झेपत नाही."

अण्णा लसणीची पाकळी नखाने सोलत राहिले. मग म्हणाले, "शब्द दिलाय मी तिला."

"कुणाला? कसला?"

"तुझ्या आईला. कावळ्याच्या वेळी." त्यांनी सालं एका जागी गोळा केली. "तुम्हाला सगळ्यांना वाटलं, तू बोललीस आणि कावळा आला. तू तोंड उघडायच्या आधीच तो भिंतीवर पंख पसरून बसला होता. मी बघितलं. मी मनात म्हटलं आणि डोळे उघडले, तेव्हाच."

"काय म्हणालात?"

"जायच्या आधी ती मला म्हणाली होती, माझ्यामागे पोरीच्या जेवणाला नावं ठेवू नका. ती दमून येते. मी तेव्हा शब्द दिला नाही. म्हटलं, तू बरी होशील, मग बघू." अण्णांनी पुढची पाकळी उचलली. "तिथं तो कावळा येईना, तेव्हा मला कळलं कशासाठी येत नाहीये. मी म्हटलं, जा बाई. पोर जे जेवण करील त्याला नाव ठेवणार नाही. छान म्हणेन. जा."

मी हातातली लसूण खाली ठेवली.

"मग जेवत का नव्हता?"

"घास फिरायचा तोंडात." ते लसणीकडेच बघत होते. "एवढी वर्षं तिच्याशी भांडत जेवलो. आमटी तोंडात घातली की जिभेवर येतंच, चिंच कमी आहे. ते गिळायचं की आमटी गिळायची? दोन्ही एकदम नाही जात खाली."

मला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली आणि गदागदा हलवावंसंही वाटलं. आमच्याकडे मिठ्या मारायची पद्धत नाही, म्हणून मी विचारलं, "आणि पास्ता? त्याला कशी नावं ठेवता? तोही मीच करते."

अण्णांनी चष्मा वर सरकवला. जन्मभर कचेरीत फायलींवरच्या शेऱ्यांतून वाट काढून देणारा माणूस तो. म्हणाले, "शब्द जेवणाचा होता. पास्ता हे काय जेवण आहे? ते खाणं."

आता हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पोहे, उपमा, थालीपीठ, सगळं पोटभर खाल्लं तरी आपण म्हणतो, जेवायचं राहिलंय अजून. आई स्वतः म्हणायची, रविवारी आमचा वाडगाभर पास्ता संपल्यावर, "हे खाणं झालं, आता जेवायला काय करू?" अण्णांनी तिच्याच शब्दात फट शोधली होती, आणि त्या फटीतून इतके दिवस जगत होते.

मी उठले. सकाळची आमटी होती, ती गरम केली. भात होता. ताट काढणार होते, ते परत ठेवलं. पास्त्याचा वाडगा घेतला, त्यात भात घातला, वर आमटी ओतली, चमचा खोचला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"खाणं," मी म्हटलं. "मला आईसारखं जेवण करता येत नाही अण्णा. कधी आलंच नाही. मी करते ते सगळं खाणंच असतं. जेवण या घरात होत होतं ते तिच्याबरोबर संपलं."

अण्णांनी वाडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बराच विचार केला, एखादा अर्ज मंजूर करावा की नाही तसा. मग म्हणाले, "पोळी वाढू नको मग. पोळी आली की ते जेवण होतं."

"नाही वाढत."

"आणि ताट नको."

"नाही घेत ताट."

त्यांनी चमचा भरून तोंडात घातला. मी उभीच होते, ओट्याला टेकून. ते चावत होते, भातात चावायला असतं काय, तरी चावत होते. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"चिंच कमी आहे," अण्णा म्हणाले.

"असेल."

"डाळ घोटलेली नाही. वर पाणी, खाली डाळ."

"उद्यापासून खानावळ बघा," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं आलं, मला कळलं नाही.

अण्णांचा चमचा थांबला. मग त्यांनी वाडगा माझ्यापुढे केला. "बघतोच. आमटी वाढ आणखी."

मी वाढली. त्यांनी ती खाल्ली, तिखट जरा जास्त पडलंय म्हणाले, आणि उरलेली लसूण सोलायला घेतली.

माझं काम काही कमी झालेलं नाही. पहाटे उठते, आमटी घोटते, चिंच जास्त घालते तर आता जास्त झालीय म्हणतात. एकेका वाडग्यात भाकरीही कुस्करून देते, कारण कुस्करलेली भाकरी खाण्यात बसते असं त्यांनी ठरवलंय. मी दमते. बसल्या जागी डोळा लागतो. पास्ता आता रविवारीच होतो, माझ्यापुरता.

त्या पहिल्या वाडग्याच्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला होता. "ताई, काय म्हणतायत अण्णा?"

"नावं ठेवतायत," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "पास्त्याला?"

"नाही रे," मी म्हटलं. "आमटीला."